सोनं दाराबाहेर काढून ठेवा

वर्षाराणी कड हिच्या चार्जिंग रूममध्ये शिरायचं म्हणजे आधी दाराबाहेरच्या लोखंडी कपाटापुढे उभं राहायचं. घड्याळ काढा, अंगठी काढा, साखळी काढा, खिशातल्या किल्ल्या काढा, सगळं डबीत टाका आणि मग आत या. साहेब असो नाहीतर झाडूवाला, सगळ्यांना एकच न्याय. एकदा खुद्द मधुसूदन सर, म्हणजे कंपनीचे सेफ्टी ऑफिसर, भलंमोठं पितळी बक्कल असलेला पट्टा लावूनच आत निघाले होते. बाईने दारातच अडवलं, "सर, पट्टा." सरांनी मुकाट्याने पट्टा काढला आणि एका हाताने पँट धरून सगळ्या खोलीची पाहणी केली. महाळुंग्याच्या त्या गोदामात ही गोष्ट अजून चहाबरोबर सांगतात.

गोदाम मोटारींच्या सुट्या भागांचं. माल उचलायला बॅटरीवर चालणारे चौदा फोर्कलिफ्ट. आता बॅटरी म्हटलं की आपल्याला गाडीच्या बॉनेटखालचं ते खोकं आठवतं. ही तसली नव्हे. पोलादी पेटीत ओळीने बसवलेले चोवीस सेल, आत शिसं आणि आम्ल, आणि वजन सातशे-आठशे किलो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण कोंडून राहिला तर एका ठिणगीने खोलीचा पत्रा उडवील. म्हणून पंखा चालू पाहिजे, गॉगल पाहिजे, रबरी हातमोजे पाहिजेत, पान्याच्या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण पाहिजे. सांडलेल्या आम्लावर टाकायला खायच्या सोड्याचा डबा आणि डोळे धुवायला पाण्याचा नळ हाताशी पाहिजे. हे सगळं वर्षाराणीला तोंडपाठ होतं. पाठ नसलेल्याला ती पाठ करायला लावायची.

तळेगावच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेली ही बाई लग्न होऊन महाळुंग्यात आली, आधी दोन वर्षं पॅकिंगला होती, मग चार्जिंग रूममध्ये हेल्पर. गेली चार वर्षं खोली तीच चालवत होती, पण कागदावर अजून हेल्परच. यंदा कुठे कंपनीला जाग आली. इन्चार्जचं पत्र टाइप होऊन मधुसूदन सरांच्या टेबलावर पडलं होतं आणि एक जूनला सही होणार होती. घरी तिने सांगितलं नव्हतं. हातात पडल्यावर सांगू, म्हणाली. कोंडीराम तेवढा जाणून होता. कोंडीराम म्हणजे गोदामातला सगळ्यात जुना फोर्कलिफ्ट ड्रायव्हर, पन्नाशी उलटलेला, कुणाच्या घरात काय शिजतंय हे कुकरच्या आधी ह्याला कळणार.

मे महिन्यातला शुक्रवार होता. नऊ नंबरच्या फोर्कलिफ्टची बॅटरी दमली होती आणि नवी बसवायचं कंत्राट चिखलीच्या स्वराज मोरेकडे होतं. स्वराज दोन माणसं आणि नवी बॅटरी घेऊन सकाळी नवाला हजर झाला. माणूस दिलदार, पण अंगावर सोनं किती म्हणाल तर गळ्यात बोटाएवढी साखळी, मनगटात कडं, चार बोटांत चार अंगठ्या. आमच्या भागात जमिनींना भाव आल्यापासून सोनं कपाटात कमी आणि माणसांच्या अंगावर जास्त, त्यात त्याचा एकट्याचा काय दोष!

"वहिनी, आज तरी राहू द्या," कपाटापुढे उभं राहून स्वराज म्हणाला. "अठ्ठेचाळीस व्होल्टची तर बॅटरी. घरातल्या बटणाला दोनशे तीस असतात, त्याला आपण रोज हात लावतो."

"व्होल्ट नका मोजू, स्वराजभाऊ. हिच्यात करंट किती आहे ते बघा," वर्षाराणी म्हणाली. "हाताला झटका देणार नाही ती. पण दोन टोकांच्या मध्ये धातू आडवा पडला की तो लाल होतो आणि चिकटून बसतो. तुमचं बोट त्या अंगठीत असेल. मग बोट काढायचं कसं?"

"तुमच्याशी बोलून कुणी जिंकलंय का!" म्हणत स्वराजने साखळी उतरवली. त्याच्या एका माणसाची लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली होती, निघेना. वर्षाराणीने साबण आणून दिला. बिचारा पाच मिनिटं नळाखाली बोट पिळत होता. शेवटी अंगठी निघाली आणि डबीत पडली. मग बाईने सगळे चार्जर बंद केले, पंखा लावला आणि एक तास कुणाला पान्याला हात लावू दिला नाही. आतला वायू निघून जाऊ दे म्हणाली. स्वराज बाहेर फेऱ्या मारत, फोनवर बोलत, मधूनमधून तिच्याकडे बघून कपाळाला हात लावत होता.

आणि एवढं सगळं करणाऱ्या ह्या बाईच्या स्वतःच्या गळ्यात, अंगातल्या कुडत्याच्या आत, मंगळसूत्र होतं. वाट्या आणि सोन्याची तार काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पण थांबा, तिला नावं ठेवायच्या आधी पुढचं ऐका. पहिली काही वर्षं तीही रोज काढत होती. सकाळी आली की मंगळसूत्र आणि जोडवी डबीत, सुटताना परत अंगावर. घरी ह्याचा पत्ता नव्हता, कारण सासूबाई तानाबाई जुन्या वळणाच्या. गळा मोकळा ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी अमंगळ बोलणं. वर्षाराणीनेही कधी विषय काढला नाही. उगीच कशाला, म्हणून राहिलं.

मग गेल्याच्या गेल्या दिवाळीआधी तिच्या नवऱ्याचा, सुरजचा, चाकण-तळेगाव रस्त्यावर अपघात झाला. तो टेम्पो चालवतो. समोरून आलेल्या डंपरने केबिन दाबली, पाय दोन ठिकाणी मोडला, डोक्याला बारा टाके. दुपारी दोनला फोन आला तेव्हा वर्षाराणी बॅटरीत पाणी भरत होती. ती तशीच धावली. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढताना हात गळ्याशी गेला आणि तिच्या ध्यानात आलं. मंगळसूत्र कंपनीत, कपाटात. ओढणी गळ्याभोवती घट्ट लपेटून ती सासूसमोर उभी राहिली. रात्री डॉक्टर म्हणाले धोका टळला, तेव्हा तानाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या सौभाग्याचं बळ म्हनून वाचला बघ माझा सुरज."

सुनेला रडू आलं. लोकांना वाटलं आनंदाचं.

तिला काय कळत नव्हतं का? डंपरवाल्याला कुणाच्या कपाटात काय आहे ह्याच्याशी काय घेणं, हे तिला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण वर्षभराने सुरज बरा होऊन पुन्हा त्याच रस्त्यावर टेम्पो घेऊन जायला लागला आणि हिचा हात डबीपर्यंत जाईना. पहिल्या दिवशी काढलं, तर दिवसभर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावत होती. दुसऱ्या दिवशी काढलंच नाही. तिसऱ्या दिवशी तिने इलेक्ट्रिशियनच्या डोक्याने तोड काढली. टेप दोन पदरी गुंडाळली, वरून कुडत्याचं बटण गळ्यापर्यंत. दर सोमवारी टेप बदलायची. इन्सुलेशन झालं की झालं, असं स्वतःला समजावून तिने सात महिने काढले, आणि ह्या सात महिन्यांत दुसऱ्यांना अंगठ्या काढायला लावताना तिचा आवाज आधीपेक्षा चढाच लागत होता.

तर त्या शुक्रवारी साडेअकराला नवी बॅटरी साखळदंडाने उचलून फोर्कलिफ्टमध्ये बसली. स्वराजच्या माणसांनी जोडण्या कसल्या आणि तिघे चहाला गेले. दुसऱ्याने कसलेला बोल्ट स्वतः तपासल्याशिवाय ही बाई जोडणी पास करत नसे. तिने वरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या, पाना घेतला आणि एकेक बोल्ट बघत निघाली. मागच्या ओळीतला शेवटचा बोल्ट नीट दिसेना, म्हणून ती पेटीवर आडवी वाकली.

मेचा उकाडा, सोमवारपासूनची टेप, त्यात घाम. टेपचा डिंक केव्हाच सुटला होता. वाकताना कुडत्याचं वरचं बटण निघालं, मंगळसूत्र बाहेर घसरलं आणि वाट्या दोन ओळींतल्या उघड्या बोल्टांवर जाऊन पडल्या.

फट् आवाज झाला आणि डोळ्यांपुढे पांढरा प्रकाश. हनुवटीखाली कुणी विडी टेकवावी तसा चटका. ती मागे कोलमडली ती भिंतीवरच आदळली. पाना हातातून पडला, नशिबाने फरशीवर. तार तुटून काळे मणी सगळीकडे घरंगळत होते. एका वाटीचा काठ वितळून चपटा झाला होता आणि जळक्या टेपचा घाण वास सुटला होता. वरती पंखा फिरत होता. सकाळपासून तो फिरत नसता, चार्जर बंद नसते, तर काय झालं असतं, हे त्या खोलीत तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. ती खाली बसली आणि तिने गॉगल काढला. गॉगलला दोन बारीक काळे डाग पडले होते. गॉगल नसता तर ते डोळ्यांत असते.

तेवढ्यात तिच्या वाटणीचा चहा घेऊन कोंडीराम आला.

"आयला, काय जळालं?" त्याने नाक वर करून हुंगलं, मग फरशीवरचे मणी पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं. त्याला सांगावं लागलं नाही. ग्लास बाजूला ठेवून तो आधी मणी वेचायला बसला.

"कुनी बगितलं?" त्याने हळूच विचारलं.

"कुणी नाही."

"मग झालं तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोनाराकडं दे, दोन दिसात करून देईल. डागाला मलम लाव, सांग आम्लाचा थेंब उडाला." मणी रुमालात बांधून त्याने तिच्या हातात दिले. "आदी पत्र हातात पडू दे, वर्षाराणी. चार वर्सं राबलीयास त्याच्यासाठी."

खरं सांगायचं तर पाच मिनिटं तिला ते पटलं. तिने तोंड धुतलं, बटण लावलं, रुमाल खिशात घातला, टोप्या परत बसवल्या. काम झालं होतं, बॅटरी ठीक होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. ती बाहेर आली तर कपाटापाशी स्वराज हात पसरून उभा.

"द्या वहिनी आमचं सोनं. गळा कसा भुंडा भुंडा वाटतोय."

तिने कुलूप काढलं. डबी हातात घेतली. त्या डबीत तळाशी साबणाने बुळबुळीत झालेली ती लग्नातली अंगठी पडली होती, आणि अंगठीवाला मागेच उभा होता, बोट अजून लाल.

"हनुवटीला काय लागलं?" स्वराजने विचारलं.

आम्लाचा थेंब, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण बाहेर पडलं ते दुसरंच. "मंगळसूत्र होतं अंगात. शॉर्ट झालं."

स्वराज आधी हसला. मस्करी वाटली त्याला. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्याचा पारा चढला.

"म्हणजे आम्ही येडे?" तो म्हणाला. "ह्या गड्याचं बोट सोलवटून काढलंत साबण लावून! मला दरवेळी नंगा करून आत घेता! आणि स्वतः? वा, वहिनी. वा रे वा."

"बोला, स्वराजभाऊ. तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. ज्याची अंगठी होती तो गडी मात्र नुसता पुढे आला. त्याने अंगठी उचलली, बोटात न घालता खिशात ठेवली आणि जिन्याकडे गेला. स्वराजच्या बोलण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

कंपनीत निअर मिस नावाचा एक कागद असतो. कुणी मेलं नाही, कुणाचा हात गेला नाही, पण जाऊ शकला असता, असं काही घडलं की ते लिहून द्यायचं. बहुतेक लोक त्यात जिना ओला होता, दिवा बंद होता असलं लिहितात. वर्षाराणीने जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात बसून अर्ध्या पानात सगळं लिहिलं. सात महिने टेप लावून मंगळसूत्र घालत होते, हेही लिहिलं. ते लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मधुसूदन सरांनी कागद दोनदा वाचला. माणूस शिस्तीचा, पण आवाज न चढवणारा.

"पण का, वर्षाराणी? तुम्ही? एखाद्या नवख्याने केलं असतं तर समजलो असतो."

"सर, ह्यांचा अपघात झाला त्या दिवशी ते कपाटात होतं."

सरांनी टेबलावरचं टाइप केलेलं पत्र उचलून खणात ठेवलं. मग म्हणाले, "पत्र थांबवावं लागेल. सहा महिने तरी. नियम आहे, मी काही करू शकत नाही."

"हो सर."

"आणि सोमवारी सगळ्यांसमोर हे वाचून दाखवावं लागेल. तुम्हाला नको असेल तर मी वाचतो, नाव न घेता."

"मीच वाचते," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा कुणाला अंगठी काढ म्हणायला माझं तोंड उघडणार नाही."

हे सगळं ती निभावून गेली. पण साडेतीनला शिफ्ट सुटली आणि घरच्या वाटेवर तिची पावलं जड झाली. पत्र गेलं त्याचं वाईट वाटत होतंच, का वाटू नये, चार वर्षं काही थोडीथोडकी नव्हेत. पण भीती होती ती तानाबाईंची. मंगळसूत्र तुटलं म्हणायला जीभ रेटत नाही आपल्याकडे, वाढवलं म्हणायचं. आणि इथे तर वाटी वितळलेली. आगीने. सुरज सकाळपासून टेम्पो घेऊन तळेगावला गेलेला. सोनाराकडे जावं का आधी? एका वळणावर ती थांबलीसुद्धा. मग पुढे निघाली.

तानाबाई गच्चीवर होत्या. सकाळी घातलेल्या कुरडया वाळून कडक झाल्या होत्या आणि त्या एकेक उचलून डब्यात भरत होत्या. सून वर आली तशी त्यांनी मान वर केली, आणि नजर सरळ गळ्यावर.

"गळा मोकळा का गं?" त्यांचा हात तसाच राहिला. "सुरजचा फोन आला व्हता का? बोल की!"

"ते बरे आहेत, आत्या. आत्ताच बोलले मी." सासूला ती आत्या म्हणते. तिने खिशातून रुमाल काढला आणि गच्चीच्या फरशीवर उलगडून ठेवला. मणी, तुटकी तार, एक धड वाटी आणि एक चपटी.

मग तिने सांगितलं. आजचं सांगितलं, टेपचं सांगितलं. त्याच्या आधी रोज काढत होते तेही सांगितलं. आणि शेवटी जे दीड वर्ष पोटात ठेवलं होतं ते. "ज्या दिवशी ह्यांना लागलं, त्या दिवशीही गळ्यात नव्हतं, आत्या. तुम्ही माझे हात धरून म्हणालात सौभाग्याचं बळ. मी ओढणी लपेटून उभी होते. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला धीर झाला नाही." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

चपटी वाटी उचलून तानाबाईंनी उन्हात धरली, उलटीसुलटी करून पाहिली, परत रुमालात ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि खाली निघून गेल्या. वर्षाराणीला वाटलं, झालं, आता ह्या माझ्याशी बोलणार नाहीत. खालून फडताळ उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला. ती नाक पुसत उरलेल्या कुरडया भरायला लागली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

तानाबाई जिना चढून आल्या त्या हातात एक जाडसर हळकुंड आणि पिवळा दोरा घेऊन. दोऱ्यात हळकुंड मधोमध गाठ मारून बांधलेलं.

"मान खाली कर."

तिने केली. तानाबाईंनी दोरा गळ्याभोवती घेतला आणि मागे गाठ मारली, वर आणखी एक मारली.

"हिच्यात लोखंड न्हाई, सोनं न्हाई. तुजी बॅटरी काय करंल हिला?"

"काही नाही करणार," ती म्हणाली. "पण आत्या, हे चालतं?"

"न चालाया काय झालं? माझ्या लग्नात कुटं व्हतं सोनं? ह्याच्यावरच लगीन लागलं आमचं. सोन्याचं चार वर्सांनी केलं तुज्या सासऱ्यांनी." तानाबाई खाली बसल्या. कुरडयांचा डबा त्यांनी मांडीजवळ ओढला, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून राहिल्या. "आन केल्यापासनं मी एक दिस काढलं न्हाई, वर्षे. बाळंतपणात न्हाई. ताप डोक्यात गेला व्हता तवा न्हाई. सोनार म्हनला तार झिजलीया, काडून द्या, तर काडून दिलं न्हाई, दोऱ्यानं बांदून गळ्यातच ठिवलं. तीस वर्सं."

त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही.

"तरी गेलेच की ते. भर दुपारी, जेवताजेवता." आणि मग म्हणाल्या, "सोन्याचं तू आपली काडून ठिवत जा."